बाथरूमचा ठेकेदार: टाइलमागच्या कामाला किती गुण?

ठेकेदाराच्या फोनमधले फोटो बघून बाथरूमचं काम देऊ नये. फोटोत चकचकीत टाइल दिसते, सरळ सांधे दिसतात, नळावरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नसतं. पहिले सहा महिने कुणाचंही बाथरूम छानच दिसतं. खालच्या छताला आलेली ओल, पोकळ वाजणारी फरशी, दाराशी साचणारं पाणी, फरशीतल्या जाळीतून येणारा वास, या सगळ्याचं मूळ टाइलच्या मागे किंवा फरशीच्या खाली असतं. आणि तिथलं काम चालू असतं त्या आठवड्यात घरमालक बहुतेक वेळा टाइलचा रंग निवडत बसलेला असतो.

म्हणून बाथरूम नव्याने करून देणाऱ्या चार प्रकारच्या सेवांना इथे एकाच मापाने गुण दिले आहेत. झाकलं जाणारं काम कोण नीट करतो, आणि झाकण्याआधी ते कोण दाखवतो? बाकी वागणं-बोलणं, वेळ पाळणं, साफसफाई या गोष्टी महत्त्वाच्या असल्या तरी त्या नंतरच्या.

सगळं काम अंगावर घेणारा छोटा ठेकेदार: १० पैकी ८

याच्याकडे स्वतःचा प्लंबर, एखादा टाइल मिस्त्री, दोन मदतनीस असतात आणि एका वेळी तो दोनपेक्षा जास्त कामं घेत नाही. खरा फायदा जबाबदारीचा. गळती निघाली की प्लंबर म्हणतो मिस्त्रीने पाइपला छिन्नी लावली, मिस्त्री म्हणतो जोडच कच्चा होता. दोघे एकाच माणसाच्या हाताखाली असले की हा वाद त्याच्या घरात राहतो, तुमच्या घरात येत नाही.

याची पारख पहिल्या भेटीतच होते. दारात उभं राहून आत नजर टाकून जो रक्कम सांगतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा. कामाचा माणूस टेप काढतो. कमोडच्या आउटलेटचा मध्य भिंतीपासून किती लांब आहे ते मोजतो, कारण खाली आउटलेट असलेल्या बऱ्याच कमोडना हे अंतर सुमारे ३०० मिलिमीटर लागतं, काही मॉडेलना २३० किंवा २५०. शिवाय हे अंतर टाइल लावल्यानंतरच्या भिंतीपासून धरायचं असतं. जुनी टाइल, गिलावा सगळं काढून उघड्या विटेपासून मोजलं आणि नवा थर धरायचा राहिला, की कमोडला मागे जागा कमी पडते आणि तो भिंतीला अडतो. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत किमान ३८० मिलिमीटर आणि समोर ५५०-६०० मिलिमीटर मोकळी जागा उरते का हेही तो त्याच वेळी बघतो. बाहेरच्या खोलीच्या आणि बाथरूमच्या फरशीत किती फरक आहे, स्लॅब खोलगट आहे की सपाट, खाली कुणाचं छत आहे, पाणी बंद करायचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो खरंच बंद होतो का, हे प्रश्न तो न सांगता विचारतो. घरात वयस्कर माणूस आहे का असं विचारणारा तर आणखी वरचा. आधाराची दांडी आज नको असली तरी पोकळ किंवा बोर्डाच्या भिंतीत तिच्यासाठी लाकडाचा किंवा प्लायचा आधार टाइलच्या आधीच घालावा लागतो. नंतर नुसत्या बोर्डात ठोकलेला स्क्रू माणसाचं वजन पेलत नाही.

दुसरी पारख दरपत्रकाची. “बाथरूमचं संपूर्ण काम, मटेरिअलसकट, ठोक रक्कम” अशी एक ओळ लिहिलेला कागद म्हणजे भांडणाचं आमंत्रण. तीन ठेकेदारांकडून दरपत्रक मागवायचं तर तिघांना कामाची यादी एकच द्यावी, नाहीतर तुलना होतच नाही. सगळ्यात स्वस्त दरपत्रकात बहुतेक वेळा काम स्वस्त नसतं, ओळी कमी असतात. राडारोडा उचलून नेणं, जुना गिलावा काढणं, भिंत ओळंब्यात आणणं, फरशीचा ढाळ काढणं, पाण्याची चाचणी, इपॉक्सी ग्राउट (टाइलच्या सांध्यात भरायचा माल), कमोड बसवण्याची मजुरी, विजेच्या पॉइंटची जागा बदलणं या गोष्टी एकेक करून “एक्स्ट्रा” म्हणून परत येतात.

वॉटरप्रूफिंगच्या ओळीत नुसतं “वॉटरप्रूफिंग करून देणे” लिहिलं असेल तर पुढे जाऊ नये. तिथे उत्पादनाचं नाव, थर किती, भिंतीवर किती उंचीपर्यंत, कोपऱ्यात जाळीदार कापडाची पट्टी आहे की नाही, एवढं हवंच. त्यावरून माल किती लागेल हे घरी बसून काढता येतं. फरशी २ मीटर बाय १.५ मीटर धरा, म्हणजे ३ चौरस मीटर. परिघ ७ मीटर, त्यावर सगळीकडे ३०० मिलिमीटर उंच पट्टा: २.१ चौरस मीटर. शॉवरच्या दोन भिंती ९० सेंटिमीटरच्या, त्यावर १.८ मीटरपर्यंत, म्हणजे पट्टा सोडून आणखी २.७ चौरस मीटर. एकूण ७.८. सिमेंट आणि पॉलिमरच्या दोन घटकांच्या कोटिंगला एका थरासाठी चौरस मीटरमागे साधारण एक किलो लागतं (डब्यावरचा आकडा शेवटचा मानावा). दोन थर म्हणजे पंधरा-सोळा किलो. आता ठेकेदार पाच किलोचा एक डबा घेऊन आला, तर दोन थर होणार नाहीत हे कळायला तज्ज्ञ लागत नाही.

दोन गुण का कापले? हे लोक कागदाला घाबरतात. काम चोख असतं, पण मधे बदललेल्या गोष्टींची नोंद नसते आणि शेवटच्या हिशेबात दोन्ही बाजूंना वेगवेगळं आठवतं. उपाय सोपा आहे. कोणताही बदल, त्याची रक्कम आणि त्याने वाढणारे दिवस, काम सुरू करण्याआधी मेसेजमध्ये लिहून दोघांनी “मान्य” म्हणायचं. बोलणं झालं होतं हा पुरावा नव्हे.

शोरूमचं पॅकेज: १० पैकी ५

टाइल, कमोड, नळ, बसवणी, सगळं एका छताखाली आणि “सात दिवसांत नवं बाथरूम”. निवड सोपी होते, बिल एकच मिळतं, उत्पादनाची कंपनीची हमी नीट मिळते. इथवर ठीक. पण सात दिवसांचा हिशेब मांडून बघा. तोडफोड आणि राडारोडा दोन दिवस. भिंतीत खाचा, पाइप, ड्रेनेज तीन दिवस. दाबाची चाचणी एक दिवस. गिलावा आणि ढाळाचा थर दोन दिवस. तो मुरायला साधारण सात. वॉटरप्रूफिंगचे दोन थर आणि ते पक्के व्हायला तीन. पाणी साठवून ठेवायची चाचणी दोन. टाइल पाच. ग्राउट एक, तोही शेवटची टाइल लावून किमान चोवीस तास झाल्यावर. कमोड, बेसिन, नळ दोन दिवस. सिलिकॉन वाळायला एक दिवस. बेरीज एकोणतीस. लवकर घट्ट होणारं मटेरिअल वापरून यातला मुरायचा वेळ कमी करता येतो, पण मग ते मटेरिअल दरपत्रकात नावानिशी दिसलं पाहिजे. ते दिसत नसेल तर सात दिवसांत काय गाळलं गेलं? मुरणं आणि चाचण्या. ज्याचा आवाज होत नाही ते पहिल्यांदा गाळलं जातं.

या पॅकेजमधला दुसरा आवडता मार्ग म्हणजे जुन्या टाइलवरच नवी टाइल. धूळ नाही, तोडफोड नाही, दोन दिवस वाचतात. जुनी फरशी घट्ट असेल, कुठेही पोकळ वाजत नसेल, गळती अजिबात नसेल आणि फक्त रूप बदलायचं असेल, तर हे चालतं. पण खाली ओल असेल तर वरून टाइल लावणं म्हणजे जखमेवर नवा सदरा घालणं. जुनं वॉटरप्रूफिंग जिथे फाटलं तिथेच राहतं. शिवाय फरशी साधारण १५ मिलिमीटरने वर येते, दार घासतं, उंबऱ्याची उंची संपते आणि पाणी बाहेरच्या खोलीत यायला मोकळं होतं. भिंतीतल्या डायव्हर्टरचं, म्हणजे पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणाऱ्या भागाचं, गणितही चुकतं; ते पुढे येईलच.

बसवणारी माणसं शोरूमची नसतात, हेही आधीच विचारून घ्यावं. बहुधा ती बाहेरच्या टोळीची असतात आणि टाइलच्या चौरस फुटावर पैसे घेतात. चौरस फुटावर पैसे घेणाऱ्याला घाई असते, त्यात त्याचा दोष नाही. हमी कोण देणार, शोरूम की टोळी, आणि हमीत काय धरलं आहे, हे लेखी हवं. पुष्कळ हमीपत्रांत गळती निघाली तर वॉटरप्रूफिंगचा माल फुकट मिळतो, पण टाइल फोडणं, पुन्हा लावणं आणि तशीच टाइल शोधणं तुमच्या खर्चाने. मालाची किंमत त्या सगळ्यात चिल्लर असते.

इंटिरिअरवाल्यांमार्फत काम: १० पैकी ६

आराखडा हवा असेल तर यांना तोड नाही. चारही भिंतींची उभी चित्रं, प्रत्येक टाइलचा काप कुठे येणार, नळाचा मध्य कोणत्या सांध्यावर, आरशाचा दिवा किती उंचीवर, हे कागदावर आलं की कामावरचे निम्मे वाद संपतात. बारीक कापाची पट्टी दारासमोरच्या कोपऱ्यात न येता दाराआड जाते, ती यांच्यामुळे.

अडचण अशी की चित्र काढणारा आणि ढाळ काढणारा यांची भेट क्वचित होते. उदाहरण म्हणून मोठ्या टाइल घ्या. ६०० बाय १२०० मिलिमीटरची टाइल चित्रात सुरेख दिसते, पण जाळी मधोमध असेल तर फरशीला चारही बाजूंनी ढाळ द्यावा लागतो आणि टाइल काही वाकत नाही. मग एक तर ती तिरकी कापावी लागते, नाहीतर मिस्त्री ढाळच मारून टाकतो. मोठी टाइल हवी तर एका भिंतीलगत लांबट जाळी आणि एकाच दिशेने ढाळ, हे आराखड्यातच ठरायला हवं. भिंतीतला कोनाडाही असाच. त्याच्या तळाला बाहेरच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरचा उतार नसेल तर साबणाचं पाणी तिथेच मुरत राहतं.

भिंतीत लपणाऱ्या डायव्हर्टरची खोली हा सगळ्यात महाग पडणारा घोळ. त्याच्या प्लास्टिकच्या आवरणावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. टाइलचा अखेरचा पृष्ठभाग या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. गिलावा १२ मिलिमीटर, अॅडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा माल) ६, टाइल ९, असे मिळून २७ मिलिमीटर. हा आकडा प्लंबरला खाच मारायच्या आधी माहीत हवा. डायव्हर्टर फार आत गेला तर वाढीव भाग मागवावा लागतो, तोही त्या मॉडेलला मिळाला तर. बाहेर राहिला तर झाकणाची तबकडी भिंतीला टेकतच नाही आणि पाणी मागे जात राहतं. म्हणून नळ, डायव्हर्टर, कमोड, बेसिन आणि टाइल यांची निवड पाइप टाकण्याच्या आधी पूर्ण झालीच पाहिजे. “नळ नंतर बघू” म्हणणाऱ्या इंटिरिअरवाल्याचे दोन गुण तिथेच गेले.

प्लंबर वेगळा, मिस्त्री वेगळा, देखरेख तुमची: ७ किंवा ३

रोज सकाळ-संध्याकाळ कामावर उभं राहता येत असेल तर सात. नसेल तर तीन, आणि तेही दया म्हणून. एकेक कारागीर आपल्या कामात तरबेज असतो. बिघडतं ते एकाने काम सोडून दुसऱ्याने हातात घेताना. प्लंबर पाइप टाकून जातो, ड्रेनेजची तोंडं उघडी राहतात आणि गिलाव्याचा माल आत पडून आत दगड होतो. वॉटरप्रूफिंगवाला थर देऊन जातो, दुसऱ्या दिवशी त्यावर मिस्त्री घमेली घासत नेतो. सगळं नीट झाल्यावर कमोड बसवणारा येतो आणि फरशीत चार भोकं पाडून थेट त्या थरातून स्क्रू मारतो. भोकात स्क्रूच्या आधी सीलंट भरायचं असतं. कमोडला दुसरा पर्याय भिंतीवर टांगणीचा आहे. त्याची लोखंडी चौकट ४०० किलोच्या भाराला तपासलेली असते, फक्त ती भक्कम भिंतीला आणि स्लॅबला घट्ट बांधलेली हवी.

या मार्गाने जायचं तर प्रत्येकाने काम सोडताना फोटो काढून घ्यायचे. भिंत उघडी असताना पाइपशेजारी टेप धरून, फरशीपासूनची उंची आणि कोपऱ्यापासूनचं अंतर दिसेल असे. टॉवेलची दांडी लावताना ड्रिल कुठे घालायचं नाही हे पाच वर्षांनी त्या फोटोंवरूनच कळतं.

कोणताही ठेकेदार असो, या चार वेळी कामावर असावं

पहिली वेळ, पाइपला दाब देताना. सगळी तोंडं बंद करून हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा आणि पंपाच्या दाबमापकावरचा काटा बघायचा. प्लास्टिकचा पाइप सुरुवातीला थोडा ताणतो, त्यामुळे काटा जरा खाली येतो. पुन्हा पंप करून मग तो स्थिर राहतो का ते पाहावं. सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपचे जोड सोल्युशन (जोड चिकटवायचं द्रावण) लावल्यावर ताबडतोब दाबाखाली आणायचे नसतात, डब्यावर जितका वेळ दिला असेल तितका थांबायचं. पीपीआर या दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकच्या पाइपचे जोड साधारण २६० अंश सेल्सिअसला वितळवून केले जातात. जास्त वेळ तापवलं किंवा जोरात दाबलं तर आत प्लास्टिकची कडी तयार होऊन भोक अरुंद होतं, आणि मग शॉवरला जोर का नाही म्हणून शोध सुरू होतो. नळ जिथे बसणार तिथे पितळी आटे असलेलं फिटिंगच हवं. प्लास्टिकच्या आट्यात टेफलॉन टेप भरभरून गुंडाळून पाना आवळला की फिटिंगला केसासारखी भेग जाते आणि ती काही महिन्यांनी तोंड उघडते. “चाचणी कशाला, नळ चालू करून बघितलाय” हे उत्तर म्हणजे नापास.

दुसरी वेळ ढाळाची. ढाळ वॉटरप्रूफिंगच्या खालच्या थरातच हवा, टाइलखाली अॅडहेसिव्ह कमी-जास्त करून नव्हे. कारण टाइल आणि साधं सिमेंटचं ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नाहीच. सांध्यातून थोडं पाणी खाली झिरपतं आणि त्या पाण्याला खालच्या थरावरून जाळीपर्यंत वाहत जायला वाट हवी असते. तिथे खड्डा असेल तर पाणी तिथेच बसतं, आणि जाळी कितीही घासली तरी जो कुबट वास जात नाही तो या पाण्याचा. बाथरूमच्या कोरड्या भागात मीटरमागे १० ते १२ मिलिमीटर, शॉवरखाली १५ ते २० मिलिमीटर. म्हणजे दोन मीटर लांबीत २० ते २४ मिलिमीटरचा फरक लेव्हल पट्टीवर दिसायला हवा. यापेक्षा खूप जास्त ढाळ दिला तर उभं राहताना पाय घसरतो. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं. तेवढंच पाणी गटारीचा वास अडवतं. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्ये हे पाणी वाळून जातं, तो मात्र ठेकेदाराचा दोष नाही.

तिसरी वेळ सगळ्यात मोठी. वॉटरप्रूफिंगच्या आधी भिंत-फरशीच्या कोपऱ्यात गोलाई किंवा जाळीदार कापडाची पट्टी, पाइप जिथून बाहेर येतात तिथे कॉलर, जाळीभोवती पट्टी. मग पहिला थर, तो वाळल्यावर दुसरा, पहिल्याला आडवा. दोन थरांचे रंग वेगळे घेतले तर कुठे सुटलं ते लगेच दिसतं. ही युक्ती सांगणारा ठेकेदार भेटला तर त्याला सोडू नये. थर पक्का झाल्यावर जाळी बंद करून २५ ते ५० मिलिमीटर पाणी भरायचं. दारात तात्पुरती विटांची आळी घालावी लागते. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने आखायची आणि किमान चोवीस, शक्यतो अठ्ठेचाळीस तास हात लावायचा नाही. बाष्पीभवनाने थोडं पाणी कमी होतं. म्हणून शेजारी एका पसरट भांड्यात पाणी भरून त्यावरही खूण करावी. भांड्यातलं जितकं उतरलं तितकंच फरशीवरचं उतरलं तर हरकत नाही. फरशीवरचं जास्त उतरलं किंवा खालच्या छताला ओल दिसली, तर टाइल थांबवायची. इथे जो ठेकेदार कुरकुर न करता थर दुरुस्त करून पुन्हा पाणी भरतो, त्याचं नाव चारजणांना सांगण्यासारखं आहे.

चौथी वेळ टाइलची. पोर्सलीन टाइल पाणी जेमतेम अर्धा टक्का शोषते, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या पाण्याला ती धरत नाही. काही महिन्यांत ती अख्खी सुटून येते, मागची बाजू कोरी स्वच्छ. अशा टाइलला पॉलिमर असलेलं अॅडहेसिव्ह लागतं. पोत्यावर ईएन १२००४ मानकाप्रमाणे सी२ असं लिहिलेलं असतं. उभ्या भिंतीवर मोठी टाइल असेल तर सी२टीई, म्हणजे घसरत नाही आणि जरा जास्त वेळ ओलं राहतं. खाचांच्या थापीने सरळ रेघा ओढायच्या, टाइलच्या पाठीलाही पातळ हात मारायचा आणि दाबून बसवायची. मधे पाच गोळे ठेवून टाइल चिकटवणं म्हणजे पाच पोकळ्या आमंत्रण देऊन बोलावणं. पाणी तिथे साठतं आणि जड बादली कोपऱ्यावर पडली की टाइल फुटते. दिवसातून एकदा नुकतीच लावलेली एक टाइल उचलून मागे बघायला सांगावं. ओल्या जागेत जवळजवळ सगळा भाग मालाने भरलेला दिसायला हवा. भिंतीवर पसरलेल्या मालाला बोट लावून बघा. बोटाला माल लागत नसेल तर वर साय धरली आहे आणि तो खरवडून फेकायचा असतो. बादलीत घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून ढवळणं ही या धंद्यातली सगळ्यात सर्रास लबाडी.

सांधे दोन-तीन मिलिमीटरचे ठेवावेत. सांधा न ठेवता टाइलला टाइल चिकटवलेली दिसायला छान असते, पण ग्राउट आत जातच नाही. भिंत आणि फरशी मिळते तिथे, आणि भिंतीला भिंत मिळते त्या कोपऱ्यात, ग्राउट नव्हे तर बुरशीरोधक सिलिकॉन, कारण दोन्ही बाजू वेगळ्या हलतात आणि कडक ग्राउटला तडा जातो. आरशामागे आंबट वासाचं सिलिकॉन वापरलं तर आरशाची पाठ काळी पडते, तिथे न्यूट्रल घ्यायचं. इपॉक्सी ग्राउट डाग धरत नाही, पण ते लवकर घट्ट होतं. थोडंथोडं कालवून, लगेच पुसून पुढे जाणारा माणूसच हवा. नवशिक्याने लावलेल्या इपॉक्सीचा चिकट धुरकट थर टाइलवर कायमचा राहतो.

विजेच्या बाबतीत दोनच गोष्टी, पण तडजोड नको: ३० मिलिअँपिअरचं आरसीडी संरक्षण (वीज गळताच प्रवाह तोडणारं उपकरण) आणि नोंदणीकृत वायरमन. एक्झॉस्ट पंखा लहान बाथरूमला ताशी सुमारे ९० घनमीटर हवा काढणारा पुरतो. मात्र हवा आत यायला दाराखाली सेंटिमीटरभर फट हवी, नाहीतर पंखा नुसता फिरतो.

जुनं काम बघायला जाताना

मागच्या महिन्यातलं काम दाखवायला सगळेच तयार असतात. मागावं दोन वर्षांपूर्वीचं. तिथे टाइलकडे बघू नका. दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग फुगला किंवा सडला आहे का, बाथरूमच्या पाठीमागच्या खोलीत गुडघ्याइतक्या उंचीवर रंगाचे पापुद्रे निघाले आहेत का, खालच्या छतावर पिवळे डाग आहेत का, ते बघा. दाराजवळ तांब्याभर पाणी ओतून ते कोणत्या बाजूला जातं ते पाहा. नाण्याने फरशी वाजवा. घरच्यांना एकच प्रश्न विचारायचा: काम संपल्यावर काही बिघडलं तेव्हा किती दिवसांत आला? काहीच बिघडलं नाही असं उत्तर आलं तर उत्तमच, पण बिघडल्यावर आलेल्या ठेकेदाराबद्दल जास्त कळतं.

पैशाचे हप्ते

दिवसांवर नव्हे, टप्प्यांवर बांधावेत. सुरुवातीला १० ते १५ टक्के. दाबाची चाचणी झाल्यावर २५. पाणी साठवण्याची चाचणी पास झाल्यावर २५. टाइल आणि ग्राउट झाल्यावर २५. शेवटचे १० ते १५ टक्के सगळं बसवून, दोन आठवडे बाथरूम रोज वापरून झाल्यावर. यावर जो ठेकेदार “मग मजुरांना काय देऊ” म्हणतो त्याचं म्हणणं खोटं नसतं. त्यासाठी माल तुम्ही थेट दुकानातून घ्या आणि त्याला फक्त मजुरीचे हप्ते द्या, पण आठवड्याला काम न बघता उचल देऊ नका. निम्मी रक्कम आधी मागणारा बहुतेक वेळा मागच्या कामाचं देणं तुमच्या पैशातून फेडत असतो.

टाइल मात्र एकाच खेपेत घ्यावी, खोक्यांवरचा बॅच आणि शेडचा क्रमांक जुळवून. सरळ मांडणीला मोजमापापेक्षा १० टक्के जास्त, तिरकीला १५. काम संपल्यावर उरलेल्या चार-सहा टाइल आणि ग्राउटच्या रंगाचं नाव लिहिलेली पिशवी ठेकेदाराला नेऊ देऊ नका. तीच टाइल पुढच्या वर्षी मिळत नाही, आणि एखादा पाइप दुरुस्त करायला भिंत उघडावी लागली तर त्या वेळी हातात असलेल्या चार टाइलच उपयोगी पडतात.